हिरवा दिवा आणि पिवळं पांघरूण

खण्ण!

चमचा वाटीत पडला आणि मी जागच्या जागी थिजले. पाळण्यात बाळ हललं, झोपेतच ओठ चोखले, पुन्हा गप्प झालं. सकाळच्या वेळी ते सलग वीस मिनिटं झोपलंय, हे सात महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं.

"अगं, हळू!" मी दबक्या आवाजात मोठीवर डोळे वटारले.

मोठी म्हणजे माझी लेक. वय वर्षं सहा. बाळ येईपर्यंत तिला कुणी मोठी म्हणत नसे. बाळ आलं त्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला मोठी करून टाकलं, तिला न विचारता.

"आई, पोटात कसंतरी होतंय."

"कसंतरी म्हणजे कसं?"

"कसंतरीच."

मी तिच्या कपाळाला हात लावला. गार. गाल तर छान गुलाबी. दूध तसंच राहिलं होतं, पाण्याचा तिसरा पेला मात्र तिने गटागटा संपवला. गॅलरीत तिने रात्री ओली केलेली चादर वाळत होती, त्या आठवड्यातली चौथी. "धाकटं आलं की थोरलं असंच करतं, लक्ष वेधायला. तू मनावर घेऊ नकोस," सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या. नवरा म्हणाला होता, "आईने तीन पोरं वाढवलीत, तिला कळतं." मी शाळेत नर्स आहे. दिवसाला वीस-पंचवीस पोरांची पोटं तपासत आलेय. तरी मलाही ते पटलं होतं, कारण पटवून घेतलं की पाच मिनिटं वाचतात.

"शाळेत गेलीस की वर्गाच्या दारातल्या त्या 'डोळा' यंत्रासमोर उभी राहा," मी तिची वेणी घालता घालता म्हणाले. "लाल दिवा आला तर माझ्याकडे ये. हिरवा आला तर उगाच कुरकुर करायची नाही. कळलं?"

तिने मान हलवली. बाळाला नवऱ्याच्या हवाली करून आम्ही निघालो. शाळेच्या फाटकापर्यंत तिची पाण्याची बाटली रिकामी झाली होती.

*

फाटकात ही गर्दी! त्या दिवशी शाळेने सगळ्या पालकांना 'डोळा' पाहायला बोलावलं होतं. आई-बाप आले होतेच. आजोबा, मावश्या, कडेवरची तान्ही, सगळा गोतावळा लोटला होता.

"शेजारच्या शाळेत म्हणे याने आठ दिवस आधी सांगितलं, ताप येणार. आणि आला!"

"कुणाला आला?"

"ते नाही माहीत. पण आला."

एक आजोबा काठी टेकत विचारत होते, "याला गुडघा दाखवला तर चालतो का? का चेहराच लागतो?" एक बाई आपल्या झोपलेल्या तान्ह्याचं तोंड वर करून म्हणत होती, "एकदा बघू दे त्याला, मनाला बरं वाटतं." दारातल्या शिपाईमामांनी तिला थोपवलं, "अहो ताई, लाइन आहे."

डोळा म्हणजे भिंतीवर टांगलेला पडदा. वर बोटभर कॅमेरा, खाली दिवा. मुलाने समोर उभं राहायचं, तीन सेकंदांत दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठणठणीत, लाल म्हणजे घरी पाठवा. आत कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, असं सांगायचे. दोन महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदा बसवला माझ्याच खोलीत. त्याआधी तो बनवणाऱ्या कंपनीची माणसं माझं दोन वर्षांचं रजिस्टर घेऊन गेली आणि माझ्या मोबाइलमधले एकोणीसशे फोटो. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाचा फोटो काढून पालकांना पाठवायची माझी सवय होती. लेकरू पडून आहे, नीट आहे, हे आईला दिसलं की तिचा जीव भांड्यात पडतो. त्या फोटोंवरून डोळा शिकला. आणि काय शिकला! माझ्या खोलीत दहातल्या नऊ वेळा त्याचं आणि माझं मत तंतोतंत जुळायचं. मी आधी हसले, मग चकित झाले, मग मलाच माझ्यापेक्षा त्याचा भरवसा वाटू लागला.

महिन्याभरात डोळे प्रत्येक वर्गाच्या दारात बसले. नियम झाला: लाल असेल तरच मूल नर्सकडे. आणि माझी खोली ओस पडली. दिवसाला येणारी मुलं पंचवीसवरून चार-पाचवर आली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, हरखून गेल्या. "सिस्टर, आजारच कमी झाले की हो!"

मला दोन गोष्टी खटकल्या होत्या. लाल होऊन येणारी मुलं बहुधा टुणटुणीत असायची. पिवळं जाकीट घालणारा चौथीतला एक मुलगा तर आठवड्यात तीनदा आला आणि तिन्ही वेळा माझी बिस्किटं खाऊन गेला. आणि हिरवी कोण होती, त्यांचं पुढे काय झालं, हे मला कळायला मार्गच नव्हता. पण मी बोलले नाही. घरी बाळ, शाळेत मोकळी खोली. मोकळ्या खोलीत मला अर्धा तास डोळे मिटता यायचे.

*

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक डोळा टांगलेला, शेजारी कंपनीचे साहेब. मुलांनी त्यांचं नाव केव्हाच पाडलं होतं, डोळेवाले काका. चकचकीत बूट, कानाला लावलेला माइक, आणि तोंडात लोणी.

"मंडळी! डॉक्टर बघतो दोन डोळ्यांनी, हा बघतो लाखो डोळ्यांनी! डॉक्टर थकतो, हा थकत नाही. डॉक्टर घाईत असतो, याला घाई नाही. आणि आई? आईची माया आंधळी असते, माउल्यांनो, रागावू नका! याला माया नाही, म्हणून याला चूक नाही!"

टाळ्या. आंधळ्या मायेच्या माउल्याच सगळ्यात जोरात वाजवत होत्या.

"सिस्टर, आज तुमच्याकडे कुणी आजारी आहे?"

होती. पाचवीतली एक मुलगी सकाळी शाळेच्या बसमध्ये दोनदा ओकली होती आणि वर्गात न जाता तडक माझ्याकडे आली होती. ही प्रत्येक गोष्टीला 'का' विचारते, म्हणून शिक्षक तिला वकीलबाई म्हणतात. मी तिला घेऊन आले, नेहमीसारखी पांघरुणात गुंडाळून. माझ्या खोलीत एक पिवळं लोकरीचं पांघरूण आहे, मोठी तान्ही होती तेव्हाचं. ज्याला खरंच बरं नाही असं मला वाटतं, त्याला मी कॉटवर घेते आणि ते लपेटते. बाकीच्यांना खुर्ची आणि पाणी.

वकीलबाई पडद्यासमोर उभी राहिली. एक, दोन, तीन. लाल!

सभागृहातून लाट गेल्यासारखा आवाज आला. "बघितलंत? तिने तोंडसुद्धा उघडलं नाही!" साहेबांनी हात पसरले. "आता एक ताजंतवानं फूल द्या मला!" त्यांची नजर पहिल्या रांगेवर फिरली आणि थांबली. "ही गुलाबी गालांची! सिस्टरांचीच ना? ये बेटा."

मोठी उठली. मी व्यासपीठाच्या कडेला होते, तिथून मला तिची चाल दिसली. ती पायऱ्यांशी थांबली. तीन पायऱ्या. घरी ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढते. इथे तिने कठड्याला धरलं.

एक, दोन, तीन. हिरवा.

"आई नर्स, लेक फर्स्ट क्लास!" साहेब गरजले. पुन्हा टाळ्या.

मी तिला उतरवायला पुढे झाले. ती माझ्या कमरेला बिलगली, मान वर केली, आणि तिचा श्वास माझ्या तोंडावर आला.

गोड. सडायला लागलेल्या फळासारखा गोडसर, उग्र वास.

मी तिच्या छातीवर हात ठेवला. नुसत्या तीन पायऱ्या चढलेली पोर लांबून धावून आल्यासारखी श्वास घेत होती, खोल आणि भरभर. पाणी. चादरी. सैल झालेला फ्रॉक, ज्याला मी "उंच होतेयस" म्हणाले होते. सगळं घरात माझ्यासमोर रोज मांडून ठेवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

"थांबवा हे," मी म्हणाले. "हिला बरं नाही."

मोठ्या बाई कानाशी आल्या. "सिस्टर, इतक्या लोकांत? हिरवा आलाय ना. आईपणा बाजूला ठेवा जरा."

"ताई," साहेब माइकमध्येच हसले, "याने तुमच्या मुलीचे डोळे, त्वचा, ओठ, सगळं वाचलंय. तुम्ही काय वाचलंत?"

"वास," मी म्हणाले. "याला नाक आहे का?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी मोठीला उचललं. ती थरथरत होती, म्हणून शेजारी उभ्या वकीलबाईच्या अंगावरचं पांघरूण ओढून तिला गुंडाळलं आणि वळले. वळताना आम्ही पडद्यासमोरून गेलो.

लाल! आणि कर्कश घंटी.

सभागृह उभं राहिलं. "ओळखलं! ओळखलं बघा!" मागून कुणी ओरडलं. साहेबांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "मंडळी, पाहिलंत? दुसऱ्या नजरेत हा खोल जातो! आईच्या आधी याने..."

एका चमत्काराचे दोन झाले होते. लेक माझ्या खांद्यावर धापा टाकत होती आणि लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

"त्याने तिला नाही ओळखलं," एक बारीक, चिरका आवाज आला. वकीलबाई. पांढरीफटक, हातात ओकारीची पिशवी, पण मान ताठ. "त्याने पांघरुणाला ओळखलं. आता माझ्याकडे पांघरूण नाही. आता मला बघा."

ती पुन्हा पडद्यासमोर उभी राहिली. एक, दोन, तीन.

हिरवा.

आणि त्याच वेळी ती तिथेच, साहेबांच्या चकचकीत बुटांवर, तिसऱ्यांदा ओकली.

मला पुढचं बघायला वेळ नव्हता. पहिल्या रांगेत विज्ञानाच्या बाई होत्या, मी पळता पळता ओरडले, "बाई, पिवळं जाकीट! चौथीतलं! करून बघा!"

*

माझी खोली सभागृहाला लागूनच आहे. मोठीला कॉटवर ठेवलं. शिपाईमामा रुग्णवाहिकेला फोन लावत होते. मी कपाटातून रक्तातली साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं. पट्टी लावली. बोटाला टोचलं. ती रडली नाही. हे मला सगळ्यात जास्त भिववून गेलं.

पाच सेकंद. भिंतीपलीकडे एकदम शांतता झाली. चार. खुर्च्या सरकल्याचे आवाज. तीन. कुणीतरी मोठ्याने हसलं, मग दुसरं. दोन. एक.

टीं.

आकडा आलाच नाही. पडद्यावर दोन अक्षरं आली, ज्यांचा अर्थ एवढाच असतो: साखर माझ्या मापापलीकडे गेलीय.

"मामा, सांगा त्यांना, सहा वर्षांची मुलगी, साखर खूप वर, श्वास भरभर. लगेच या म्हणावं, लगेच!"

"आई," मोठी पुटपुटली, "मला हिरवा आला ना?"

"हो बाळा."

"मग मी कुरकुर नाही करत."

रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. ती नऊ मिनिटं मी इथे लिहिणार नाही.

*

भिंतीपलीकडे काय झालं ते मला दवाखान्याच्या बाकावर विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. मोठीला आत सलाइन लावली होती, इन्सुलिन सुरू होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, "मधुमेह आहे, लहान मुलांना होतो तो. वेळेत आणलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर मला हे इतक्या सहज सांगता आलं नसतं."

बाईंनी चौथीतल्या त्या मुलाचं जाकीट मागून घेतलं होतं. आधी फुटबॉलवर घातलं. लाल. खुर्चीच्या पाठीला अडकवलं. लाल. गुडघेवाले आजोबा म्हणाले, "साहेबांना घाला की." जाकीट साहेबांच्या खांद्यांवर टाकलं. एक, दोन, तीन: लाल, घंटी, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना, 'विद्यार्थ्यास तातडीने घरी पाठवा.'

"अख्खं सभागृह हसत होतं गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "आणि मला सारखं वाटत होतं, भिंतीपलीकडे तुझी पोर आहे."

गुपित इतकं साधं होतं. माझे एकोणीसशे फोटो. ज्यांना मी घरी पाठवलं, ती मुलं कॉटवर, पिवळ्या पांघरुणात. ज्यांना वर्गात परत पाठवलं, ती खुर्चीवर, पांघरुणाशिवाय. यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं की आजार म्हणजे काय. त्याला सांगितलं होतं, या फोटोंत फरक शोध. त्याला सगळ्यात सोपा फरक सापडला. तो आजार शिकलाच नाही, माझं पांघरूण शिकला. माझ्या खोलीत तो दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचा, कारण मी आधी मूल तपासून, ठरवून, गुंडाळून मगच त्याच्यासमोर उभं करत होते. माझंच उत्तर तो मला दिवा लावून परत देत होता आणि मी त्याला शहाणा म्हणत होते. वर्गाच्या दारात पांघरूण नव्हतं, म्हणून सगळे हिरवे. आजार कमी झाले नव्हते, आजारी मुलं माझ्यापर्यंत पोचायची बंद झाली होती.

बाईंनी साहेबांना शेवटी एकच विचारलं होतं, "हिरव्यांपैकी किती जण खरे आजारी निघाले, मोजलंत?"

साहेब म्हणाले, "तक्रार आली नाही."

त्यांना पांघरूण ठाऊक होतं का? मला नाही वाटत. त्यांनी ते कधी काढूनच पाहिलं नव्हतं. जो स्वतःच्या चमत्काराची परीक्षा घेत नाही, तो फसवतोच. मग मनात पाप असो वा नसो.

*

तीन आठवड्यांनी मोठ्या बाईंनी पालकांना पुन्हा बोलावलं. या वेळी गर्दी निम्मी होती; फजिती पाहायला येतात तेवढे लोक हिशेब ऐकायला येत नाहीत. वर्गांच्या दारातले डोळे उतरले होते, भिंतीवर चार-चार भोकं तेवढी उरली होती.

"मग फेकून द्या सगळं मशीनबिशीन!" एक बाबा तावातावाने म्हणाले. हेच गृहस्थ मागच्या वेळी टाळ्या वाजवायला बाकावर चढले होते.

"माझ्या मुलीला मशीननेच वाचवलं," मी म्हणाले. "ते हातात मावणारं आहे. पण ते काय मोजतं हे मला ठाऊक आहे. रक्ताचा एक थेंब, त्यातली साखर. ते कुठे चुकू शकतं, हेही त्याच्या डबीवर लिहिलंय, आणि संशय आला की मी दुसऱ्यांदा टोचते. डोळ्याबद्दल यातलं काहीच आपल्याला माहीत नव्हतं. आपण विचारलं नाही."

मग मी माझी चूक सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं बोलायचा मला हक्क नव्हता. तुमच्या मुलांचे फोटो मी कंपनीला दिले, तुम्हाला न विचारता. सोयीचं होतं म्हणून नियम मान्य केला. मुलांसाठी माझ्या खोलीचं दार बंद झालं तेव्हा आतून मला बरंच वाटलं.

वकीलबाई आईच्या शेजारी बसली होती. तिने हात वर केला. "आता वर्गात बरं वाटेनासं झालं तर काय करायचं?"

"बरं वाटत नाही म्हणायचं आणि माझ्याकडे यायचं."

"कुणाला विचारून?"

"कुणाला न विचारता."

आता माझ्या टेबलावर संगणक आहे, त्यात एक वेगळी कृत्रिम बुद्धिमत्ताही आहे. दम्याच्या पंपाची वेळ झाली की आठवण करते. रजिस्टर वाचून सांगते, या आठवड्यात एकाच वर्गातली सहा पोटं दुखली, पाण्याची टाकी बघा. मी टाकी बघते, मग मानते. मुलाचं नाव आणि चेहरा तिच्याकडे जात नाही. घरी पाठवायचं की नाही, हे ती सांगत नाही. सांगायला लागली, तरी सही माझी आणि जाब मला. दिवा कितीही हिरवा लागू दे, मूल म्हणतंय ना बरं वाटत नाही, मग त्याच्याजवळ बसा. ते काय म्हणतंय ते ऐका, हात लावून बघा. आणि जो म्हणेल माझं कधीच चुकत नाही, तो बुवा असो, डॉक्टर असो की पडदा, त्याला पांघरूण काढून दाखवायला सांगा. तेवढीच आपली विद्या. कुणाही आईबापाला येण्यासारखी.

*

आज सकाळी मी मोठीच्या बोटाला टोचलं. आता ती स्वतःच बोट पुढे करते, आणि कुठलं बोट ते तीच ठरवते. बाळ मांडीवर जागं होतं, पट्टीकडे झेपावत होतं.

टीं.

"एकशे दहा," तिने वाचलं. "छान ना?"

"छान."

दुधाची वाटी तिने जवळ ओढली. चमचा फिरवत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, डोळ्याला पांघरूण दिसत होतं, म्हणून त्याला मी दिसले नाही. हो ना?"

"हो गं."

"मग तुला काय दिसत होतं?"